अफवांचे राज्य आणि लोकांचे राज्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त नागपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शहरात आजची ही सभा भरली आहे, त्या शहराने १७ मार्च २०२५ चा दिवस अनुभवला आहे. खुलताबाद येथील औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी त्या दिवशी सकाळी महाल परिसरात आंदोलन झाले आणि त्यात एक प्रतीकात्मक कबर जाळण्यात आली. सायंकाळपर्यंत शहरात वार्ता पसरली की, त्या कबरीवरील कापडावर धार्मिक मजकूर होता आणि तोही जाळला गेला. काही वेळातच दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाली. तीन पोलीस उपायुक्तांसह तीसहून अधिक पोलीस जखमी झाले. जखमींपैकी एका नागरिकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. शहराच्या अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागू झाली आणि ती संपूर्णपणे उठण्यास २३ मार्च उजाडला. त्या कापडावर असा मजकूर नव्हता, ही अफवा होती, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दुसऱ्याच दिवशी विधानसभेत सांगितले.

कबर हटवावी की नाही, हा वादाचा विषय आहे आणि त्यावर मतभेद असू शकतात. परंतु कापडावर काय लिहिले होते, हा मतभेदाचा विषयच नव्हे. तो केवळ पाहण्याचा आणि विचारण्याचा विषय होता. सकाळची घटना आणि सायंकाळची आग यांच्यामध्ये काही तास होते. तेवढ्या अवधीत विचारता येण्याजोगा एक साधा प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला नाही, आणि त्याची किंमत संपूर्ण शहराने मोजली. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच न विचारलेला प्रश्न आहे. अफवा, कटाच्या कल्पना आणि त्यांना वाहून नेणारी समाजमाध्यमे यांमुळे लोकशाहीचे नेमके काय बिघडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अफवा ही मोबाइलची निर्मिती नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसांच्या शरीरातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढले जाते, अशी कुजबुज गिरणगावात पसरली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला. त्या भीतीला काही आधारच नव्हता, असे म्हणता येणार नाही. परकीय सरकार सक्तीने घरात शिरत होते, रुग्णांना उचलून नेत होते आणि नेलेली माणसे बहुधा परतत नव्हती. सत्ता काही सांगत नाही आणि तिला कोणी जाब विचारू शकत नाही, अशा ठिकाणी अफवा ही प्रजेची बातमी बनते. स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्रे, विधिमंडळे, न्यायालये आणि ग्रामपंचायती आल्या, त्यांचे एक प्रयोजन हेच होते की, लोकांना कुजबुजीवर अवलंबून राहावे लागू नये.

त्यानंतरच्या काळातील एक प्रसंग अनेकांच्या स्मरणात असेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीची मूर्ती दूध पिते, ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली. त्या वेळी ना हातात मोबाइल होता, ना घरोघरी इंटरनेट. घरातील दूरध्वनी आणि एस.टी.डी.ची दुकाने एवढ्याच साधनांवर मंदिरांपुढे रांगा लागल्या. पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे चमच्यातील दूध मूर्तीच्या पृष्ठभागावर ओढले जाऊन पातळ थराने खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवून दिले. त्या दिवशी दूध वाया गेले, रक्त सांडले नाही. मात्र एक गोष्ट त्याच वेळी ध्यानात यावयास हवी होती. वार्ता पसरण्याचा वेग आणि ती तपासण्याचा वेग यांत फार मोठे अंतर पडू लागले होते.

हे अंतर पुढील काळात प्रचंड वाढले. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा इतका स्वस्त झाला की, ज्या घरात कधी वर्तमानपत्र आले नव्हते, त्या घरात चलच्चित्रे येऊ लागली. २०१८ च्या सुमारास भारतात व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांची संख्या वीस कोटींच्या घरात होती आणि एका गटात २५६ जणांना सामावून घेता येत असे. एका बोटाच्या स्पर्शाने एक संदेश शेकडो माणसांपर्यंत जात होता, आणि त्यांतील प्रत्येकाला तेच पुन्हा करता येत होते. शिवाय हा संदेश अनोळखी माणसाकडून येत नव्हता. तो मामांकडून, शेजाऱ्याकडून किंवा गावच्या गुरुजींकडून येत होता. पाठविणाऱ्यावरील विश्वास नकळत संदेशावर बसतो. मुळात तो कोणी लिहिला, हे पाठविणाऱ्यालाही ठाऊक नसते.

जी समाजमाध्यमे मजकुराचा क्रम स्वतः लावतात, त्यांचे गणित आणखी वेगळे आहे. वाचक जेथे अधिक वेळ थांबतो, जे पाहून चिडतो किंवा घाबरतो, ते त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा आणले जाते, कारण तो जितका वेळ थांबेल तितक्या जाहिराती त्याला दाखविता येतात. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनी ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खऱ्या बातमीपेक्षा खोटी बातमी पुढे पाठविली जाण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी अधिक आढळली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा फरक यंत्रांनी चालविलेल्या खात्यांमुळे पडला नव्हता. तो माणसांनीच घडविला होता. खोटी बातमी नवी वाटते, आणि नवे सांगण्याची हौस माणसाला असते.

आता महाराष्ट्राच्या अंगावर अद्याप ताज्या असलेल्या एका जखमेकडे वळणे भाग आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव. त्या दिवशी तेथे आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागण्यासाठी तेथे उतरले. गावोगाव फिरणे हीच या भटक्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची उपजीविका आहे. त्या सुमारास मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या भागात फिरत होते. पाचांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढ्यावरून संशय आला. जमावाने त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले, आणि त्या खोलीत पाचही जण ठार झाले.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीची होती. मोटारसायकलवरील दोघे एका मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. वस्तुतः ती मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली फीत होती. तिच्या शेवटी मुलाला परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावधगिरीचा संदेश दिला जातो. कोणीतरी तो शेवट कापून टाकला, आणि उरलेल्या तुकड्याने अनेक गावांची झोप उडविली. म्हणजे पूर्ण खोटे रचण्याचीही आवश्यकता पडली नाही. खऱ्यातील शेवटचा भाग वगळणे पुरेसे ठरले.

राईनपाड्याच्या घटनेतील स्थळाचा विचार विशेष गांभीर्याने केला पाहिजे. ग्रामपंचायतीचे कार्यालय ही भारतीय लोकशाहीची सर्वांत लहान वास्तू आहे. ग्रामसभेच्या नोंदी तेथेच राहतात आणि दाखले तेथेच मिळतात. माणूस कोण, कोठला, त्याचे म्हणणे काय, हे नोंदविण्यासाठीच ती खोली असते. चौकशीकरिता संपूर्ण गावात त्याहून योग्य जागा नव्हती. मंगळवेढ्याला एक दूरध्वनी केला असता तरी पाच जणांची ओळख पटली असती. परंतु मोबाइलवरील संदेशाने निकाल आधीच देऊन ठेवला होता, म्हणून चौकशीच्या खोलीत चौकशी झाली नाही.

त्याच रात्री मालेगावात नेमके उलट घडले. तेथेही मुले पळविणारे समजून एका कुटुंबाला जमावाने घेरले होते आणि त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. एका स्थानिक रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले. पोलीस येईपर्यंत दार लावून ठेवले. संतप्त जमावाने पोलिसांची गाडी उलटविली, तरीही पोलिसांनी त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढले. त्या गृहस्थाला ते लोक निर्दोष आहेत, हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने केवळ एवढेच ठरविले की, निर्णय रस्त्यावर आणि या क्षणी व्हावयाचा नाही. राईनपाडा आणि मालेगाव या दोन्ही ठिकाणी अफवा एकच होती, दिवसही एकच होता. फरक पडला तो बंद केलेल्या एका दारामुळे मिळालेल्या थोड्या वेळाचा.

येथवर अफवेचा विचार झाला. कटाची कल्पना, म्हणजेच कटसिद्धान्त, ही त्यापुढची पायरी होय. अफवा सांगते की अमुक घडले. कटसिद्धान्त सांगतो की जे घडते ते सर्व कोणीतरी पडद्याआडून घडवीत आहे, आणि जे तसे नाही म्हणतात तेही त्या कटात सामील आहेत. अफवेला पुरावा दाखविला तर ती विरते. कटसिद्धान्ताला पुरावा दाखविला तर तो त्या पुराव्यालाच गिळून अधिक पुष्ट होतो.

याचे उदाहरण पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे पाहावयास मिळाले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, सुरतकडे अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. चोर आणि मुले पळविणारे फिरत असल्याच्या अफवा त्या भागात होत्या. ही झाली पहिली अफवा. परंतु त्या हत्येची चित्रफीत बाहेर येताच समाजमाध्यमांवर दुसरी लाट उसळली की, ही हत्या एका विशिष्ट धर्माच्या लोकांनी ठरवून केली. अखेरीस तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून, त्यांत त्या धर्माचा एकही जण नसल्याचे सांगावे लागले. तीन माणसांचा बळी अफवेने घेतला, आणि त्या बळींच्या शोकावरही दुसरी अफवा स्वार झाली. यादी वाचूनही अनेकांनी आपले मत बदलले नाही.

हा स्वभाव जुना आणि जगभरचा आहे. ज्यूंच्या जागतिक कटाचा तथाकथित पुरावा म्हणून रशियात प्रसिद्ध झालेले ‘प्रोटोकॉल्स’ हे पुस्तक दुसऱ्याच एका ग्रंथातून उचललेले बनावट लेखन आहे, हे लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राने १९२१ मध्येच सप्रमाण सिद्ध केले होते. तरीही त्यानंतर नाझी राजवटीने त्याचा प्रचार केला. अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीत मते चोरली गेल्याचा दावा साठाहून अधिक खटल्यांमध्ये मांडला गेला आणि जवळजवळ सर्वच ठिकाणी फेटाळला गेला. तरीही ६ जानेवारी २०२१ रोजी जमाव संसदेच्या इमारतीत शिरला. दोन्ही ठिकाणी सत्य उपलब्ध होते. उणीव होती ती सत्य मान्य करण्याच्या तयारीची.

यावर कोणी असे विचारील की, मग नागरिकाने संशय घेऊच नये काय? अवश्य घ्यावा. संशय हा लोकशाहीचा प्राण आहे. सत्ताधारी खोटे बोलतात, कधी कधी खरोखरच कट रचले जातात, आणि ते उघडकीस आणणारे लोक संशयी वृत्तीचेच असतात. म्हणून संशय आणि कटसिद्धान्त यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी या गावाचे उदाहरण घ्यावे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गावातील आकडे तेथील अनेकांना पटले नाहीत, म्हणून ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून पाहण्याचे त्यांनी ठरविले. प्रशासनाने मनाई आदेश लागू केल्याने ते झाले नाही. गावकऱ्यांचा प्रश्न हा प्रश्न म्हणून वावगा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून पडताळणी केली जाते. महाराष्ट्रातील २८८ मतदारसंघांत अशा १,४४० यंत्रांची मोजणी झाली आणि तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. एवढी पडताळणी पुरेशी नाही, ती वाढवावी, असे कोणी म्हणत असेल तर तो संशय आहे. तो न्यायालयात, आयोगापुढे आणि सभागृहात मांडता येतो. परंतु चिठ्ठ्या जुळल्या यावरूनच कट किती खोल आहे ते दिसते, असे कोणी म्हणू लागला, तर तो कटसिद्धान्त झाला. कोणता पुरावा मिळाल्यास मत बदलेल, या प्रश्नाचे उत्तर संशयी माणसापाशी असते. कटसिद्धान्त मानणाऱ्यापाशी ते नसते. हा नियम सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखाच लागू आहे.

उपाय कोणता, याचे सर्वांत सोपे उत्तर असे दिले जाते की, सरकारने खोट्यावर बंदी घालावी. महाराष्ट्राचा अनुभव या बाबतीत सावध करणारा आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत व्यक्त केले म्हणून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्या वेळी वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा हे ठरविणारा कक्ष स्थापण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. अनेक वर्षे नागपुरात वकिली केलेले न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती तरतूद घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. ज्याच्याविषयी वाद आहे, त्यालाच त्या वादाचा निवाडा करू देता येत नाही, हे सामान्य माणसालाही पटण्याजोगे तत्त्व आहे.

याचा अर्थ शासनाला कर्तव्य नाही असा नव्हे. राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निकाल दिला. प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमणे, अफवांची माहिती आधीच घेणे, खटले त्वरेने चालविणे ही कर्तव्ये त्याने राज्यांवर घातली. कंपन्यांनाही हात झटकता येत नाहीत. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला, आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आली. या उपायात कोणाच्याही मताला बंदी नाही. केवळ वाटेवर एक उंबरठा घातला आहे. मात्र जे पाच माणसांच्या मृत्यूनंतर करता आले, ते आधीही करता आले असते, हे विसरता येणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात, घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना इतर मार्गांनी जाणे म्हणजे अराजकाला आमंत्रण होय, असा इशारा दिला होता. घटनात्मक मार्गांकडे पाहिले तर एक गोष्ट आढळते. ते सर्व जाणीवपूर्वक सावकाश चालणारे आहेत. विधेयकाचे वाचन एकाहून अधिक वेळा होते. आरोपीला बाजू मांडण्याची संधी मिळते. निकालावर अपील करता येते. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचार थांबतो. या विलंबाला अनेकदा नावे ठेवली जातात आणि काही प्रमाणात ते रास्तही आहे. तथापि ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये तपासण्यापुरता वेळ राखून ठेवणे, हाच या सर्व व्यवस्थेचा हेतू आहे. अफवा नेमका हाच वेळ हिरावून घेते. ‘त्वरित पुढे पाठवा’ हे शब्द म्हणूनच प्रत्येक खोट्या संदेशाच्या शेवटी असतात.

हा वेळ राखण्याचे काम कोणताही कायदा संपूर्णपणे करू शकत नाही. ते घरात करावे लागते. वडीलधाऱ्यांनी पाठविलेला संदेश खोटा आहे, हे आदराने सांगण्याची मुभा धाकट्यांना हवी. आपण पाठविलेले चुकीचे निघाले, तर त्याच गटात तसे लिहिण्याचा मोठेपणा थोरांनी दाखवावा. रागाने हात थरथरत असताना आलेला संदेश रात्रभर तसाच ठेवावा. ज्याच्याविषयी तो आहे, त्या वस्तीत, त्या समाजात एखादा तरी परिचित असावा, म्हणजे त्याला विचारता येईल. ज्या शहरात एका मोहल्ल्याला दुसऱ्या मोहल्ल्यातील एकही दूरध्वनी क्रमांक ठाऊक नसतो, त्या शहरात अफवेला अडविणारे कोणी उरत नाही.

राईनपाड्याच्या त्या खोलीत अखेरच्या क्षणी पाच माणसे काहीतरी सांगत असतील. आपले गाव, आपले नाव, आपला धंदा. ते ऐकून घेण्यास फार तर अर्धा तास लागला असता. लोकांच्या राज्यात प्रत्येकाला देणे असलेला तो अर्धा तास आहे. तो देण्याची सवय जेथे टिकेल, तेथे लोकशाही टिकेल, एवढेच या प्रसंगी नम्रपणे नमूद करून हे विवेचन पूर्ण करणे उचित होईल.